'नो डिस्क'!

ड्रॉवर आत गेला. आतून 'टिक... टिक... टिक' असा बारीक आवाज आला. मग दोन सेकंद शांतता. आणि हिरव्या अक्षरांत उत्तर झळकलं, 'नो डिस्क'.

नो डिस्क काय? आत्ता माझ्या हाताने ठेवलीय ना आत! पुन्हा ड्रॉवर बाहेर, सीडी उचलली, ओढणीला गोल गोल पुसली (हो, ओढणीला. आणि गोल गोल. त्याबद्दलची बोलणी मी नंतर खाल्लीच), परत आत. टिक, टिक, टिक. नो डिस्क. तोवर बाबा आले आणि त्यांनी त्यांचा सर्व यंत्रांवरचा रामबाण उपाय केला, म्हणजे प्लेअरच्या डोक्यावर एक चापट दिली. आमच्या घरी टीव्ही, मिक्सर आणि लहानपणी मी, तिघांनाही हा उपाय लागू पडायचा. प्लेअरला पडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय टेन्शन? गाणी फोनवर आहेत, कारमध्ये आहेत, बाथरूममध्येसुद्धा स्पीकर आहे. सीडी प्लेअर ऐकतो कोण? एकदम मान्य. मीही ऐकत नाही. पण ही सीडी फोनवर नाही, कुठेच नाही. 2004 च्या गणेशोत्सवात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत आईने पाच गाणी म्हटली होती. हार्मोनियमवर मावशी. साउंडवाल्या दादांनी हौसेने रेकॉर्डिंग केलं, रात्रीत सीडी बर्न केली आणि वर मार्कर पेनने आईचं नाव लिहून आणून दिली. नावात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक आहे. आई मराठीची शिक्षिका, त्यामुळे ती सीडी हातात घेतली की आधी ती चूक दाखवते आणि मग गाण्याचं बोलते.

2011 मध्ये आईचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गळ्यातल्या या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्राच्या नसा अगदी शेजारी असतात. आई ठणठणीत बरी झाली, बोलण्यातही काही फरक नाही. पण वरचे स्वर गेले. तार सप्तकाकडे निघाली की आवाज मध्येच हात सोडून देतो. वर्षभर रियाज करून पाहिला आणि एक दिवस तंबोरा गवसणी घालून माळ्यावर गेला. त्याबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही. आणि तेव्हापासून ती सीडीही कुणी लावली नव्हती.

लावायचं कारण म्हणजे मावशी. ती बडोद्याहून पुढच्या रविवारी येणार होती आणि फोनवर म्हणाली, "ताईची ती सीडी काढून ठेव गं. ऐकून किती वर्षं झाली." आईने काही न बोलता कपाटातल्या पैठणीच्या घडीतून सीडी काढून दिली. इथवर सगळं छान होतं.

नो डिस्क दिसल्यावर बाबांनी नाट्यसंगीताची विकत घेतलेली सीडी लावून पाहिली. ती झकास वाजली! म्हणजे प्लेअर ठीक, सीडी गेली. आई दारात उभी होती. "वीस वर्षं झाली तिला. जाणारच," म्हणाली आणि कुकर लावायला गेली. कुकरचं झाकण जरा जोरातच लागलं.

मला ते झाकण काही पटेना.

मास कॉममध्ये आमचे एक सर सांगायचे, एका साक्षीदारावर बातमी करू नका. म्हणून मी दुसरा साक्षीदार शोधला. चुलतभावाने 2006 मध्ये घरी बर्न करून दिलेली गाण्यांची सीडी सापडली. लावली. नो डिस्क! आता हे गमतीचं होतं. घरी बर्न केलेल्या दोन सीडी, दोन वेगळ्या घरांतल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन्ही एकदम कशा मरतील? आणि कंपनीत छापलेली मात्र वाजते?

मैत्रिणीचा जुना लॅपटॉप आणला, तर त्याचा सीडी ड्राइव्ह उघडेचना. यूएसबीला लावायचा नवा ड्राइव्ह ऑनलाइन मागवला, डिलिव्हरी सोमवारी. मावशी रविवारी येणार आणि रात्रीच्या गाडीने परत जाणार. मग बुधवारी एका इंटरव्ह्यूसाठी मुंबईत जायचंच होतं, तर तिथून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. इलेक्ट्रॉनिक्समधलं काहीही बिघडलं की मुंबईकर जिथे जातो तोच हा रस्ता. तिथे एका जिन्याखालच्या दुकानात साठीचे एक काका सोल्डरिंग करत बसलेले असतात. मी माझी सगळी केस मांडली. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आतून आवाज किती वेळा येतो? डिस्क फिरते का?"

डिस्क फिरते का? मी कधी ऐकलंच नव्हतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्यासाठी सॉलिड होतं. 1982 मध्ये सीडी बाजारात आली, तेव्हापासून तिची मूळ गंमत तीच आहे. प्लेअरच्या आत एक लेझर असतो, 780 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. तो सीडीवर पडतो, परावर्तित होऊन परत येतो, आणि किती परत आला यावरून प्लेअर वाचतो. ड्रॉवर बंद झाला की लेन्स आधी आतल्या बाजूला, सीडीच्या मधल्या भोकाजवळ जाते. तिथे सीडीची अनुक्रमणिका असते. लेन्स वर-खाली होऊन फोकस शोधते. आपण ऐकतो ती 'टिक टिक' तीच. फोकस सापडला की डिस्क फिरायला लागते. नाही सापडला तर बिचारा प्लेअर दोन-तीनदा चाचपडतो आणि म्हणतो, नो डिस्क. म्हणजे 'डिस्क नाही' असं नाही हो, 'मला दिसत नाही' असं!

आणि छापलेल्या सीडीतला चांदीसारखा थर भरपूर प्रकाश परत पाठवतो. घरी बर्न केलेल्या सीडीत मध्ये रंगाचा थर असतो, त्यामुळे प्रकाश थोडा कमी परत येतो. लेन्स स्वच्छ आणि लेझर तरुण असेल तर या फरकाने काही बिघडत नाही. पण लेन्सवर मळ बसला की आधी घरगुती सीडी दिसेनाशा होतात, छापलेल्या बऱ्याच नंतर. काका म्हणाले, "मॅडम, मोतीबिंदूवाल्याला मोठी अक्षरं दिसतात, बारीक दिसत नाहीत. तसंच."

मी म्हटलं, "म्हणजे सीडी जिवंत आहे?"

"ते मी कसं सांगू? पण प्लेअर आंधळा आहे एवढं नक्की वाटतंय. कुठे ठेवलाय?"

"हॉलमध्ये. देव्हाऱ्याशेजारी."

काकांनी पहिल्यांदा मान वर केली. रोज सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, नवरात्रात धूप, आरतीला कापूर आणि दहा पावलांवर स्वयंपाकघर, जिथून फोडणीची वाफ येते. बंद यंत्रातही हवा जाते आणि हवेबरोबर हे सगळं जातं. पंचवीस वर्षं आमचा प्लेअर देवाच्या शेजारी बसून धूर खात होता.

काकांनी मला जवळपास पंधरा मिनिटं झापलं, म्हणजे शिकवलं. बहुतेक सूचना काय करायचं नाही याच्याच होत्या. नेलपॉलिश रिमूव्हर? अजिबात नाही. लेन्स प्लास्टिकची असू शकते, ॲसिटोनने कायमची धुरकट होईल. 2020 पासून प्रत्येक पर्समध्ये असतं ते सॅनिटायझर? नाही. त्यात ग्लिसरीन असतं, लेन्सवर चिकट थर राहील. तोंडाने फुंकर? थुंकीचे कण उडतात. छोटा ब्रश लावलेली क्लीनिंग सीडी? सुकी धूळ असेल तर कधी कधी चालते, पण तेलकट धुराला तिचा उपयोग नाही आणि फिरता ब्रश नाजूक लेन्सवर आपटतो ते वेगळंच. लेन्सच्या बाजूला एक पिटुकला स्क्रू दिसेल, त्याने लेझरची ताकद वाढते असं कुणीतरी सांगेल. त्याला हात लावायचा नाही. ताकद वाढते खरी, आणि मग लेझर जळतो. "बिघडलेले प्लेअर माझ्याकडे कमी येतात," काका म्हणाले, "घरी दुरुस्त केलेलेच जास्त येतात."

त्यांनी 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली दिली. मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला 'आयपीए' म्हणतात, तेच. प्लेअर त्यांच्याकडेच आणून देऊ का, असं मी विचारलं. तर म्हणाले, पुढचा आठवडा पूर्ण भरलाय, पण स्क्रूड्रायव्हर धरता येत असेल तर करा, नाहीतर थांबा.

रविवार थांबणार नव्हता.

शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलवर पांढरी चादर अंथरली. प्लेअरचा प्लग काढला. नुसतं बटण बंद नाही, प्लगच भिंतीतून बाहेर, आणि वायर टेबलवर माझ्या डोळ्यांसमोर. कारण दोन. एक, आत 230 व्होल्ट येतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठून राहू शकते. म्हणून अर्धा तास नुसतं थांबायचं आणि वायर जिथून आत शिरते त्या भागाला नंतरही शिवायचं नाही. दोन, तो न दिसणारा लेझर. दिसत नाही म्हणून डोळा मिटत नाही आणि तोच खरा धोका. प्लग बाहेर तर लेझर बंद. 'झाकण उघडं ठेवून जरा चालू करून बघू या' हा विचार मनात आलाच, तर उठून पाणी पिऊन यायचं. आणि आयपीए झटकन पेट घेतं, म्हणून देव्हाऱ्यातला दिवा आधी शांत केला, खिडकी उघडली. आईने दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पण काही म्हणाली नाही.

अर्ध्या तासात बाबांनी तीनदा "झालं का?" विचारलं. त्यांचा जीव त्यात होता. 1999 च्या दिवाळी बोनसमधून घेतलेला प्लेअर, ज्याला मी दहावीपर्यंत हात लावायचा नाही असा कायदा होता.

स्क्रू सहा निघाले. कुठला कुठून आला ते कळावं म्हणून कागदावर प्लेअरचं चित्र काढून त्या त्या जागी सेलोटेपने चिकटवले. फोनवर फोटोही काढले. झाकण मागे सरकवून उचललं आणि... हाय रे! आत धुळीची मखमल. ड्रॉवरच्या वर एक आडवी पट्टी, तिच्या मधोमध सीडीला वरून दाबून धरणारी चुंबकाची चकती. ती पट्टी दोन स्क्रूंवर होती. ती काढली तेव्हा खाली लेन्स दिसली.

एवढीशी! हरभऱ्याच्या डाळीएवढी. खरं तर ती निळसर चमकायला हवी. आमची तपकिरी होती. पण नुसता धूर नव्हता तो. वाळलेल्या थेंबाच्या कडेला असतं तसं गोल वलय होतं. कुणीतरी आधी इथे येऊन गेलं होतं.

"बाबा?"

बाबा चष्मा पुसायला लागले. बाबा अडचणीत आले की चष्मा पुसतात.

"एकदा... जरा... 2013 असेल. अडकत होतं मधे मधे. मी उघडून पुसलं होतं."

"कशाने?"

"कोलन वॉटरने."

ताप आला की कपाळावर घड्या ठेवायचं ते कोलन वॉटर! त्यात अल्कोहोल असतं हे बाबांचं बरोबर. पण सुगंधी तेलंही असतात. अल्कोहोल उडून गेलं, तेल लेन्सवर राहिलं आणि त्यावर बारा वर्षांची उदबत्ती बसली. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "तरीच तेव्हा बाटली लवकर संपली." बाबांनी तेवढ्यात केर काढायचं काम अंगावर घेतलं.

आधी कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने सुटी धूळ उडवली. मग प्लेअरच्या धातूच्या चौकटीला हात लावून घेतला. आपल्या अंगातल्या स्थिर विजेनेही लेझर मरू शकतो म्हणून ही काळजी. स्क्रूड्रायव्हर लांब ठेवला, कारण लेन्सच्या दोन्ही बाजूंना चुंबक असतात, लोखंडी टोक जवळ नेलं तर खट्कन ओढलं जाऊन लेन्सवर आदळतं. कापसाची काडी आयपीएमध्ये बुडवून बाटलीच्या काठावर निथळली. ओली हवी, टपकणारी नको.

आणि टेकवली. लेन्स चक्क खाली गेली! माझ्या पोटात गोळा. मग आठवलं, काकांनी सांगितलं होतं की ती अगदी बारीक तारांवर तरंगत असते, फोकससाठी वर-खाली हलता यावी म्हणून. ती आपल्यापुढे नमते तेवढ्यातच पुसायचं, त्यापुढे दाबायचं नाही. काडीचं वजन पुरे, हाताचं नको. मधून बाहेर, हलकेच, एकदा फिरवून काडी टाकून द्यायची. पहिली काडी पिवळी झाली. दुसरी फिकट पिवळी. तिसरी, चौथी. पाचवी पांढरीच राहिली आणि खाली निळसर टिंब लुकलुकलं. शेवटी एक कोरडी काडी, नुसती टेकवून.

इथे थांबता आलं पाहिजे. आपल्याला उत्साह फार! लेन्स सरकते त्या दांड्या पुसू, ड्रॉवरचा रबरी पट्टा पुसू, वर जरा खोबरेल तेल टाकू... ड्रॉवर अडकत असेल तर पट्ट्याला हात घालायचा, गाणी शेवटाकडे अडत असतील तर दांड्यांकडे बघायचं. आमचं दुखणं तिथे नव्हतं. मी झाकण लावलं. सहापैकी सहा स्क्रू परत गेले, एकही उरला नाही! हे मी व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलं होतं.

आयपीए पूर्ण उडून जावं म्हणून प्लेअर रात्रभर तसाच ठेवला. सकाळी सीडीची पाळी. काकांनी ओढणीवरून झापलं होतं ते असं: सीडीवरचा ट्रॅक आतून बाहेर गोल गोल जातो, पसरला तर पाच किलोमीटरच्या वर भरेल इतका लांब. मधोमध ते कडेकडे असा आडवा ओरखडा पडला तर तो प्रत्येक फेरीत थोडासाच ट्रॅक खातो आणि तेवढी माहिती प्लेअर हिशेबाने भरून काढतो. पण गोल पुसताना पडलेला ओरखडा ट्रॅकच्याच दिशेने धावतो आणि सलग मोठा तुकडा गिळतो. म्हणून पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, चष्म्याचं मऊ फडकं. आणि लिहिलेल्या बाजूला जपायचं. आपल्याला वाटतं चकचकीत बाजू नाजूक. पण त्या बाजूला वर सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक असतं. खरी माहिती लेबलच्या लगेच खाली, नुसत्या लॅकरच्या पापुद्र्याखाली असते. चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाखाली, आमच्या बाबतीत.

खिडकीशी तिरकी धरली तर सीडीवर आतल्या बाजूला एक गडद पट्टा दिसतो, जिथवर बर्न झालंय तिथवर. एकतीस मिनिटांची गाणी, जेमतेम दीड-पावणेदोन सेंटिमीटर रुंदीचा पट्टा. पैठणीच्या घडीतल्या अंधारात होती म्हणून तो रंगाचा थर टिकला. उन्हाच्या काचेशी ठेवली असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

शनिवारी मी सीडी लावून पाहिली नाही. म्हणजे नाट्यसंगीताची लावली, चुलतभावाची लावली. चुलतभावाची वाजली! बाबांनी टाळी मागितली. पण आईची मी तशीच ठेवली. नाही वाजली तर मला ते एकटीने कळून घ्यायचं नव्हतं.

रविवारी मावशी आली, जेवणं झाली, बडीशेप फिरली. ड्रॉवर आत गेला. टिक. एकदाच. मग आत काहीतरी हलकेच घुं करत फिरायला लागलं आणि हिरव्या अक्षरांत आकडा आला, 5. पाच गाणी!

खुर्च्या सरकवल्याचे आवाज, एक लहान मूल रडतंय, माइकची शिट्टी. मग हार्मोनियम. आणि मग आई. माझ्यापेक्षा फार मोठी नसेल तेव्हा. वर जाताना तिला कुणाला विचारावंच लागत नव्हतं, नुसती जात होती. बाबा छताकडे बघत होते. मी आईकडे बघायचं टाळत होते.

"अंतरा घाईत घेतलाय मी," आई म्हणाली. "आणि तू पेटीवर ओढून धरतेयस मला."

"मी नाही, तबलजी पळत होता," मावशी म्हणाली.

चौथ्या गाण्यात एका ठिकाणी तीन सेकंद अडकलं, टक टक टक करून पुढे गेलं. तो ओढणीचा ओरखडा की जुना, देव जाणे. सोमवारी ड्राइव्ह आला, तेव्हा सगळ्यात कमी वेगाने कॉपी केल्यावर ते तीन सेकंदही जवळजवळ नीट आले. आता तीन प्रती आहेत आणि एक बडोद्याला. देव्हारा हलणार नाही हे उघड होतं, म्हणून प्लेअर हलला. बुकशेल्फवर, पुस्तकं दाटीवाटीने सरकवून.

पण रविवारचं राहिलंच. पाचवं गाणं संपलं, टाळ्या झाल्या, हिरवा आकडा थांबला. मावशीने विचारलं, "काळी पाच ना गं, तेव्हा?"

"हो."

मावशीने फोन काढला, तानपुऱ्याचं ॲप उघडलं आणि आईकडे न बघता म्हणाली, "पांढरी तीन लावते."

"आधी चहा टाकू दे," आई म्हणाली. पण उठली नाही.